तान्हाबाईसाठी केलेली प्रार्थना

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितली नाही. तो गेला, तो काही न कळताच गेला. मुलाला सांगितली नाही. माझ्या डोळ्यांदेखत चर्चचे पाच पाळक बदलले, त्यातल्या एकालाही नाही. आणि देवाला? त्याला सगळं ठाऊकच असतं, मग सांगायचं कशाला — असं म्हणून मी त्यालाही टाळलं. आज तुम्हाला सांगते आहे. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसांत माझं नाव फार चांगलं आहे.

किती चांगलं? अजूनही लोक म्हणतात, बाईंना प्रभू गोष्टी दाखवत असे. केडगावात म्हणतात, नगरच्या चर्चमध्ये म्हणतात. बेलापूरला एका लग्नात एका म्हातारीनं माझे दोन्ही हात धरले आणि हेच म्हणाली. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, काय हा नम्रपणा! मी नुसती गप्प बसले होते. गप्प बसण्याचं मला आयुष्यभर कौतुकच मिळालं.

थांबा — आधी आमच्या घरसभेबद्दल सांगायला हवं. त्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही की एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस किती खाली उतरू शकतो.

मी तेव्हा पस्तिशीची होते आणि केडगावच्या शाळेत चौथीच्या वर्गावर शिकवत होते. आमची ख्रिस्ती कुटुंबं तिथे नऊ. चर्च नगर शहरात, चालत गेलं तर लांब. म्हणून रविवारी चर्च आणि बुधवारी संध्याकाळी घरसभा — दर बुधवारी एकेका घरी जमायचं, एक गीत म्हणायचं, शास्त्रातला एक भाग वाचायचा, कुणी त्यावर चार शब्द बोलायचं, मग विनंत्या, मग प्रार्थना, मग चहा. हा कागदावरचा क्रम. खरं म्हणजे सगळ्यांचा जीव चहात आणि विनंत्यांत असे. विनंती म्हणजे कशासाठी प्रार्थना करायची ते सांगणं. पण गल्लीत कुणाच्या घरी काय शिजतंय हे कळण्याची याहून सोवळी सोय दुसरी नव्हती. डेव्हिडकाकू — आमच्यातल्या सगळ्यात पैसेवाल्या, नवरा रेल्वेत — दर आठवड्याला आपल्या नणंदेच्या गुडघ्यासाठी विनंती करायच्या. गुडघ्याचं निमित्त, नणंदेची कागाळी. आणि आम्ही नऊ घरं डोळे मिटून त्या गुडघ्यासाठी परमेश्वराला साकडं घालायचो. पुढच्या बुधवारी गुडघा कसा आहे, हे कुणी कधी विचारलं नाही.

पावसाळ्यात घरसभा बंद असे. गल्लीत चिखल होतो म्हणून. दिवाळीची सुट्टी संपली की नवा हंगाम — आमचे पाळकसाहेब त्याला हंगामच म्हणत, जसं काही आम्ही पेरत-कापत होतो. बहात्तर साली पाऊस पडलाच नाही. गल्लीत धूळ उडत होती, विहिरींचा तळ दिसत होता, माणसं बायकापोरांसकट रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. आणि आमची घरसभा? पावसाळ्यासाठी बंद! कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पाण्यासाठी प्रार्थना करायची तर आधी जमायला हवं, हे नऊ घरांत एकालाही सुचलं नाही. मलाही नाही. प्रमुख मी होते.

हो, प्रमुख. पाच वर्षं मी ती घरसभा चालवत होते. माझे आजोबा उपदेशक, वडील मास्तर, मी ट्रेनिंग झालेली. मला पेटी वाजवता येत असे. माझी प्रार्थना म्हणजे पहिल्या नंबराचा निबंध — आरंभ, विस्तार, समारोप. ‘हे दयासागरा, आमच्या अंतःकरणाच्या गाभाऱ्यात’ वगैरे. लोक नंतर म्हणायचे, बाई, काय सुंदर प्रार्थना केलीत. आणि मी त्या सगळ्यांकडे, खरं सांगते, वरून पाहायची. ह्यांना शुद्ध बोलता येत नाही, ह्यांना अध्याय सापडत नाही, ह्या काकूंना चहासोबत नानकटाई ठेवली की सुवार्तेचा प्रसार झाला असं वाटतं. मी ह्यांच्यातली नाहीच. मी ह्यांना सांभाळते आहे, हे माझे उपकारच. — असं सगळं मी मनात म्हणत असे, आणि त्यांच्या ‘सुंदर’साठी बुधवार ते बुधवार जगत असे. किळस यावी अशी गोष्ट आहे ना?

मग तान्हाबाई आली.

ती कर्जतकडची. विधवा, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. तिकडच्या खेड्यात मोठ्या वयात बाप्तिस्मा घेतलेली. एकुलती एक मुलगी लीला, तिचं लग्न करून दिलं आणि ही नगरला आली, केडगावातल्या मुलींच्या एका वसतिगृहात भाकऱ्या करायला लागली. रोजच्या शंभराच्या वर भाकऱ्या थापायची. अक्षर एक येत नव्हतं. पण प्रार्थनेची पाळी आली की बोलायची, आणि कसं? ‘देवा, आज पिठात लई खडं निघालं. पोरींच्या दाताखाली आलं आसंल. उद्या मला नीट दिसू दे.’ एवढंच! झालं, आमेन. आणि डेव्हिडकाकूंच्या डोळ्यांना पदर. एकदा पेटीवर बसून मी पाहिलं, माझ्या नवऱ्याच्याही डोळ्यांत पाणी. माझ्या दयासागराला तो पाच वर्षांत कधी रडला नव्हता.

खड्यांची प्रार्थना! मी मनात म्हणे, उद्या ही चुलीच्या धुरासाठी, परवा फुटलेल्या तव्यासाठी देवाला बोलावील. आणि हे सगळे माना डोलावतील. मी तिला ‘तान्हाबाई, तू’ म्हणायची. वयानं मोठी, तरी तू. ती मला ‘बाई, तुमी’. दोघींनाही त्यात काही खटकत नव्हतं, म्हणजे मला तरी नाही.

आता सांगते. म्हणजे — अजून एक गोष्ट आहे आधी.

त्या कोरड्या सप्टेंबरात, घरसभा बंद असताना, एका रविवारी दुपारी तान्हाबाई माझ्या दारात आली. मी खुर्ची दिली, ती उंबऱ्याजवळ जमिनीवर बसली. खूप वेळ पदराचं टोक पिळत राहिली. मग एकदम सांगून टाकलं. लीलाची मुलगी, सात-आठ महिन्यांची, तिला गोवर निघाला होता. ही रजा घेऊन गावाकडे गेली. ताप उतरेना. लेकरू डोळे उघडेना. प्रार्थना करून करून हिचा घसा बसला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ही दहीभात घेऊन, कुणाला न सांगता, गावाबाहेरच्या मरीआईला गेली. नैवेद्य ठेवला. पदर पसरून लेकरू मागितलं. दुसऱ्या दिवशी ताप उतरला.

तुम्ही आमच्यातले नसाल तर तुम्हाला वाटेल, त्यात काय मोठंसं? आजीच ती. पण आमच्यात ह्याहून मोठी चूक नव्हती. बाप्तिस्मा घेतल्यावर जुन्या देवीपुढे हात जोडणं म्हणजे परत फिरणं. कळलं तर मंडळीची पंचकमिटी प्रभुभोजन बंद करायची — भाकर आणि प्याला सगळ्यांमध्ये फिरतो, तो त्या माणसापुढे थांबायचा नाही. दारू पिणारा चालून जायचा, बायकोला मारणारा चालून जायचा. दहीभात नाही.

आणि ती मला काय म्हणाली माहीत आहे? माफी मिळेल का, हे तिनं विचारलंच नाही. म्हणाली, ‘बाई, लेकरू वाचलं. पन कुनी वाचवलं, देवानं का मरीआईनं, त्येच मला उमजंना. रातीचा डोळा लागत न्हाई. तुमी शिकलेल्या. तुमी सांगा.’

एवढा खरा प्रश्न त्या पाच वर्षांत आमच्या घरसभेत कुणी विचारला नव्हता. आणि मला तिची दया आली का? नाही. मला बरं वाटलं. आत कुठेतरी गार वाटलं — सापडली! खड्यांची प्रार्थना करणारी ही भाबडी बाई आतून अशी आहे तर. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, ‘कुणाला सांगू नकोस. मीही सांगणार नाही. मी एकटीच तुझ्यासाठी प्रार्थना करीन.’ ती माझ्या पाया पडायला वाकली. मी मागे सरले, कारण आमच्यात पाया पडत नाहीत.

तिच्यासाठी मी एकदाही प्रार्थना केली नाही.

दिवाळीच्या आधी पाळकसाहेब केडगावात आले, नव्या हंगामाचं ठरवायला. डेव्हिडकाकूंच्या घरी सगळे जमलो. पाळकसाहेब मऊ माणूस, वरणभातासारखा. कुणाला कधी दुखवायचं नाही, कुणाला कधी काही ठामपणे सांगायचं नाही. मी त्यांना मनातून मोजतच नव्हते. आणि त्या दिवशी त्या मऊ माणसानं चहाचा कप खाली ठेवला आणि सांगितलं, ह्या हंगामात घरसभा तान्हाबाई चालवतील. वाचता येत नाही म्हणून काय झालं? बाई वचन वाचून दाखवतील, तान्हाबाई त्यावर बोलतील.

मी वाचून दाखवणार. ती बोलणार. भाकऱ्या थापणारीची मी वाचकीण!

तान्हाबाई घाबरून ‘न्हाई न्हाई’ म्हणत होती. डेव्हिडकाकूंनी माझ्याकडे हळूच पाहिलं, माझं तोंड कसं होतं ते बघायला. मी हसले. म्हणाले, ‘अगदी योग्य. मी स्वतःच सुचवणार होते.’ काय होतं हो त्या प्रमुखपदात? पगार नाही, मान नाही. नऊ घरं, एक फुटकी पेटी आणि काकूंच्या नणंदेचा गुडघा. त्याचा मला तिटकाराच होता. आणि ते हातातून गेलं तर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चार दिवस मी घरात कुणाशी धड बोलले नाही.

पण तान्हाबाई उजळली. हे मला सांगायलाच हवं. गावात तिला कुणी कधी पुढे बसवलं नव्हतं. शहरात ती भाकऱ्यांच्या खोलीतून बाहेर पडायची ती बुधवारी. आता तिच्या बोलण्याची लोक वाट पाहणार होते. ती माझ्याकडे येऊन विचारायची, ‘बाई, मेंढराचा भाग वाचाल का पैल्या दिशी? मेंढराचं मला बोलता यील.’ मी म्हणायची, वाचेन की.

नव्या हंगामाची पहिली सभा प्रमुखाच्या घरी भरवायची, असा आमचा रिवाज. तिची खोली वसतिगृहाच्या मागच्या अंगाला, पत्र्याची. त्या वर्षी हंडाभर पाण्यासाठी बायका दोन-दोन तास उभ्या राहत होत्या, तरी तिनं जमीन सारवली होती. सतरंजी कुठून तरी मागून आणली होती. कप डेव्हिडकाकूंचे — निळ्या कडांचे, काकूंनी मोजून दिलेले. पाच-साडेपाचची वेळ, पत्रा अजून तापलेला. पाळकसाहेब आले होते. मी मेंढराचा भाग वाचला. चांगला वाचला. तान्हाबाई बोलली — काय बोलली ते मला आठवत नाही. मी ऐकतच नव्हते. लोक नाक ओढत होते एवढं आठवतं.

मग साखळी प्रार्थना. म्हणजे गोल बसायचं, डोळे मिटायचे, आणि एकामागून एकानं मोठ्यानं प्रार्थना करायची. एकाची संपली की दुसरा. शेवटी प्रमुख. मी तिच्या शेजारी बसले होते, म्हणजे तिच्या आधी माझी पाळी. ही जागा मी आधीच धरली होती.

तुम्हाला ठाऊक आहे का, प्रार्थना करणाऱ्याला कुणी मध्ये थांबवत नाही? भाषणात थांबवतील, भांडणात थांबवतील. प्रार्थनेत नाही. तो देवाशी बोलत असतो. त्यानं देवाला काय सांगावं, हे तुम्ही कोण ठरवणार? डोळे मिटलेले, तोंडं बंद. म्हटलं तर जगातली सगळ्यात सुरक्षित जागा.

ते माझ्या तोंडून निसटलं, असं मी म्हणू शकते. नाही म्हणत. ती प्रार्थना मी तयार केली होती. शाळेत, मुलं भागाकार करत असताना, खिडकीपाशी उभी राहून, शब्दशः. मी म्हणाले — हे प्रभू, आज तू जिला पुढे केलं आहेस त्या आमच्या बहिणीसाठी मी रडते. तिच्या नातीच्या आजारात तिचं पाऊल घसरलं. मरीआईपुढे तिनं नैवेद्य ठेवला. तिच्या मनात अजून संशय आहे की लेकरू तू वाचवलंस की मरीआईनं. प्रभू, तिला क्षमा कर. जे हात तुझ्या लोकांना आज चहा देणार आहेत ते हात शुद्ध कर.

हो, चहाचंही बोलले. मुद्दाम.

आमेन कुणी म्हटलं नाही. पत्रा तडतडत होता. आता तान्हाबाईची पाळी होती — प्रमुख म्हणून तिची पहिली प्रार्थना. ती बोलेना. मग अगदी हळू आवाज आला, ‘व्हय देवा. बाई खरं बोलत्यात. म्या गेल्ते.’ आणि पुढे काही नाही. आम्ही सगळे डोळे मिटून वाट पाहत राहिलो. शेवटी पाळकसाहेबांनी सगळ्यांना पाठ असलेली प्रभूची प्रार्थना सुरू केली आणि सगळे सुटल्यासारखे मोठमोठ्यानं म्हणायला लागले.

चहा आला. डेव्हिडकाकू म्हणाल्या, ‘माझा आज उपास आहे.’ आमच्यात उपास इस्टरच्या आधी असतात, दिवाळीनंतर नाही. पण त्यांच्यामागून सगळ्यांचेच उपास निघाले. एकाचं पोट बिघडलेलं, एकीनं आत्ताच घरून घेतलेला. निळ्या कडांचे कप जमिनीवर भरलेले तसेच. पाळकसाहेबांनी आपला कप उचलला, प्याले. मग शेजारचा उचलला आणि तोही प्याले. मला त्या माणसाचा तेव्हा फार राग आला.

निघताना दारात त्यांनी मला विचारलं, सगळ्यांसमोर, नेहमीच्याच मऊ आवाजात, ‘बाई, ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली?’

आणि इथे — ह्याच्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे. त्या खोलीतलं सगळं नऊ घरांनी पाहिलं-ऐकलं आहे. त्यातलं खोटं मात्र त्यांना ठाऊक नाही.

तान्हाबाई माझ्यामागे हातभर अंतरावर किटली घेऊन उभी होती. मी म्हणाले, ‘कुणी नाही. प्रभूनं मला दाखवलं.’

डेव्हिडकाकूंनी छातीवर हात ठेवला. पाळकसाहेब माझ्याकडे पाहत राहिले, मग त्यांनी तान्हाबाईकडे पाहिलं. ती एक वाक्य बोलली असती तर संपलं असतं. ‘म्याच सांगितलं हुतं बाईंना, कुनाला सांगत न्हाई म्हनाल्या हुत्या.’ एवढंच. माझं नाव, आजोबांचं नाव, सगळं त्या सारवलेल्या जमिनीवर पडलं असतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग किटली घेऊन आत गेली.

पंचकमिटीनं सहा महिने तिचं प्रभुभोजन बंद केलं. पाळकसाहेब नको म्हणत होते. पण मऊ माणसाचं कोण ऐकतो? आणि प्रत्यक्ष प्रभूनं दाखवलेली गोष्ट कशी झाकायची! घरसभा परत माझ्याकडे आली. मी दोनदा नाही म्हटलं. दोनदा नाही म्हणायचं असतं. तिसऱ्यांदा डोळे पुसत हो म्हटलं.

तिथून पुढे लोक मला भ्यायला लागले. विनंत्यांत कोण काय लपवतं हे मला पाच वर्षांच्या सरावानं कळतच होतं. मी थोडं इकडचं, थोडं तिकडचं जोडून ‘मला असं दिसतं’ म्हणायची. बहुतेक बरोबर निघायचं. घरसभा भरली, वाढली. नऊची चौदा घरं झाली, शहरातूनही माणसं यायला लागली. आधी मी त्या लोकांना मूर्ख समजत होते, पण पुरावा नव्हता. आता रोज मिळत होता. आणि त्या मूर्खांनी लावलेला टिळा मिरवणारी मी कोण होते?

तान्हाबाई घरसभेला परत कधी आली नाही. सहा महिने सरले, पाळकसाहेब स्वतः तिच्या खोलीवर गेले, म्हणाले, आता या. ती चर्चमध्ये यायची, दाराजवळ चपलांपाशी बसायची. भाकर आली की पुढे द्यायची. प्याला आला की पुढे द्यायची. कुणी बंद केलेलं नव्हतं आता, ती स्वतःच घेत नव्हती. गीत चालू असताना तिचे ओठ हलायचे नाहीत. वसतिगृहातल्या मुली म्हणायच्या, भाकऱ्यांच्या मावशी पूर्वी कामं करताना देवाशी बडबडायच्या, आता बडबडत नाहीत.

आणि मी तिच्यावर नजर ठेवून असायची. आज सांगेल, उद्या सांगेल. वर्ष गेलं, सांगितलं नाही. तेव्हा मला काय वाटलं? उपकार? लाज? मला वाटलं, भित्री आहे. अडाणी बाई, शिकलेल्या माणसापुढे तोंड उघडायची हिंमत नाही. मी तिचा तिरस्कार करू शकत होते तोवर मला झोप लागत होती, म्हणून मी तो नीट जपला.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात तिला कावीळ झाली. लीला गावाहून आली होती, मुलीला घेऊन. तीच एका दुपारी माझ्या दारात आली. ‘आईनं बलिवलंय. आत्ताच्या आत्ता या म्हनली.’ मी साडी बदलली. वाटेत मी ठरवत होते — ती क्षमा केली म्हणेल, मग मी काय म्हणायचं. तेही मी तयार केलं होतं, तुम्हाला आता नवल वाटणार नाही.

तीच पत्र्याची खोली. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, पिवळी धमक. लीलाची मुलगी, आता अडीच वर्षांची, रिकाम्या डब्यावर चमचा वाजवत होती. मी बाजेशेजारी बसले, डोळे मिटले, हात जोडले. ‘हे दयाळू’ एवढंच म्हणाले असेन. तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

‘बाई, परार्थना नगा करू. त्या लेकरासमूर नगा करू. बसा नुसत्या.’

मी बसले. मग ती म्हणाली, ‘म्या इचारलं हुतं तुमास्नी. तुमी सांगितलंच न्हाई.’

आवाजात राग नव्हता. दोन वर्षांत तिनं कुणालाच विचारलं नव्हतं बहुतेक. विचारायला माझ्याकडे आली, आणि त्याचं काय झालं ते तिनं पाहिलं होतं. आणि त्याही वेळी, तिच्या हाताखाली माझा हात असताना, ‘मला माहीत नाही गं’ एवढं साधं मला म्हणता आलं नाही. मला माहीत नाही हे वाक्य मी आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं. ऊन कलल्यावर मी उठले. तिनं डोळे मिटले होते. मी ‘येते’ म्हणाले. दोन दिवसांनी ती गेली.

दफनाला चाळीसेक माणसं होती. वसतिगृहातल्या मुली रांगेनं उभ्या होत्या. जुन्या पाळकसाहेबांची बदली झाली होती, नवे तरुण होते, त्यांनी माझ्याबद्दल बरंच ऐकलेलं. म्हणाले, बाई, प्रार्थना तुम्हीच करा, तुमचं आणि त्यांचं विशेष नातं. मी पुढे झाले. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

मी बोलत गेले. प्रभू, तुझी लेक तुझ्याकडे शांतीनं आली. तिच्या मनातला सगळा संशय फिटला होता. परवाच्या दुपारी आम्ही दोघींनी हातात हात घालून तुझं नाव घेतलं —

इथे मी डोळे उघडले. का उघडले, माहीत नाही. समोर लीला उभी होती, मुलीला कडेवर घेऊन. परवाच्या दुपारी ती त्याच खोलीत होती, चुलीपाशी. तिची मान खाली नव्हती. ती सरळ माझ्याकडे पाहत होती.

मी डोळे मिटून घेतले आणि प्रार्थना पुरी केली.